ताटाशेजारचा पहारेकरी

चार मित्र खायला एकत्र बसले की थोड्याच वेळात बोलणे समोरच्या ताटांवर येते. हे कसे झाले आहे, ते जास्त तिखट आहे का, तू काय घेतलेस, जरा चव दे बघू. या बोलण्याला आपण क्षुल्लक समजतो आणि म्हणूनच त्यात शिरलेला एक बदल आपल्या नजरेतून निसटतो. चवीच्या गप्पांच्या जोडीला आता हिशेबाच्या गप्पा आल्या आहेत: यात साखर किती, त्यात तेल कोणते, या वेळेला हे खावे का, तुला ते चालते का. शिवाय हा हिशेब स्वतःच्या ताटापुरता राहत नाही, तो शेजारच्या ताटापर्यंत जातो. आरोग्याविषयीची जागरूकता वाढल्याचे लक्षण म्हणून त्याचे कौतुकही होते. माझे मत उलट आहे. अन्नात काय घालू नये, वेष्टनावर काय छापावे आणि विकणाऱ्याने किती खरे सांगावे हे ठरवण्याचे जे काम सरकारांनी आणि उत्पादकांनी करायचे, ते पुरेसे न झाल्यामुळे मित्रांच्या अंगावर येऊन पडले आहे. मित्र ते वाईट रीतीने करतात, आणि जे काम ते उत्तम करू शकले असते ते त्या नादात मागे पडते.

एक नेहमीचा प्रसंग नीट पाहावा. गोडाचे भांडे फिरत फिरत तिच्यापर्यंत येते. ती दुसऱ्यांदा चमचा भरते, चमचा भांड्याच्या काठावर आलेला असतो आणि तेवढ्यात समोरून प्रश्न येतो, "अगं, अजून?" विचारणारी मैत्रीण हसत असते. तीही हसते, चमचा किंचित तिरका करून निम्मे भांड्यात परत सोडते आणि म्हणते, "सकाळपासून काही खाल्लेच नव्हते गं." या खुलाशाची कोणालाच गरज नव्हती, पण तो एकदा दिला गेला की बाकीचेही आपापले खुलासे काढू लागतात. एक जण सांगतो की तो आज बराच चाललेला आहे, दुसरा सांगतो की उद्यापासून त्याचे गोड बंद, आणि तिसरा, ज्याने काहीच घेतलेले नसते, तो न घेण्याचे श्रेय पदरात पाडून घेतो. पाच मिनिटांत त्या बैठकीचे रूप चौकशी समितीसारखे होते आणि मघापासून हातात असलेला पदार्थ कसा झाला होता हे कोणीच बोललेले नसते. विचारणारीला आपण काही केले असे वाटत नाही, कारण तिने आवाज चढवला नाही, कोणाला नावे ठेवली नाहीत. तिने फक्त काळजी केली.

काळजी खरी असेल. पण तिच्या पाठीशी माहिती किती असते? दिवसातून तीन वेळा खाणारा माणूस आठवड्यात २१ वेळा खातो. मित्राला त्यांतली एखादी वेळ दिसते आणि तीही सहसा सर्वांत वेगळी, म्हणजे सगळे जमलेले असताना, काहीतरी खास समोर असताना. उरलेल्या वीस वेळांविषयी त्याला काहीही ठाऊक नसते. खाणाऱ्याला तरी कितपत ठाऊक असते हा प्रश्नच आहे. कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या काही लोकांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. लोकांनी स्वतः लिहिलेली खाण्याची नोंद आणि त्यांच्या शरीराने प्रत्यक्षात खर्च केलेली ऊर्जा यांचा मेळ घातल्यावर असे दिसले की त्यांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त नोंदवली होती. हे लोक लबाड होते असे मानण्याचे कारण नाही. खाणे लक्षात ठेवणे हे माणसाला जमत नाही एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्या पोटात अन्न जाते त्यालाच त्याचा नीट अंदाज नसेल, तर टेबलाच्या पलीकडे बसून एका चमच्यावरून निष्कर्ष काढणाऱ्याच्या अंदाजाची किंमत काय असणार?

यावर येणारा प्रतिवाद मला मोलाचा वाटतो, म्हणून तो नीट मांडतो. सोबतीत माणूस जास्त खातो, ही मोजलेली गोष्ट आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन डी कॅस्ट्रो यांनी लोकांकडून खाण्याच्या दैनंदिन नोंदी भरून घेतल्या तेव्हा इतरांबरोबरचे जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा सरासरी ४४ टक्क्यांनी मोठे निघाले. त्यापुढची पायरी निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००७ साली गाठली. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासातल्या १२,०६७ लोकांची ३२ वर्षांची माहिती तपासून त्यांनी असे मांडले की एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला की त्या माणसाचीही लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. मित्र जर इतका परिणाम करत असतील, तर त्यांनी गप्प बसावे असे म्हणणे बेजबाबदारपणाचे नाही का?

पहिली गोष्ट म्हणजे त्या ५७ टक्क्यांवर इतका भार टाकता येत नाही. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, ईथन कोहेन-कोल आणि जेसन फ्लेचर यांनी तशाच पद्धतीचे गणित किशोरवयीन मुलांच्या माहितीवर करून पाहिले, तेव्हा मुरुमे, डोकेदुखी आणि चक्क उंचीसुद्धा मित्रांकडून 'पसरते' असे उत्तर आले. उंची संसर्गाने वाढत नाही हे सांगायला संशोधक लागत नाही. सारखी माणसे एकमेकांचे मित्र होतात आणि एकाच परिसरात वाढतात, त्यामुळे त्यांचे साम्य परिणामासारखे भासू शकते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मित्रांचा परिणाम होतो हे मान्य केले तरी तो होतो कसा, हे पाहायला हवे. शेजारचा किती आणि किती वेळ खातो यावरून माणूस नकळत आपले प्रमाण ठरवतो, आणि गप्पा रंगल्या की जेवण लांबते म्हणून खाणेही वाढते. यांतल्या कुठल्याच वाटेवर टोमण्याची जागा नाही. ज्याला मित्राच्या खाण्यावर चांगला परिणाम करायचा आहे त्याने स्वतः बेताने खावे. बोलण्याची गरजच नाही.

बोलण्याचा परिणाम तर उलट दिशेने जाण्याची भीती असते. अँजेलिना सुटिन आणि अँटोनिओ तेराचियानो यांनी ६,१५७ प्रौढांची २००६ आणि २०१० मधली माहिती ताडून पाहिली. सुरुवातीला लठ्ठ नसलेल्या लोकांमध्ये ज्यांना वजनावरून भेदभावाची वागणूक मिळाली होती, त्यांची चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या अडीचपट निघाली. मित्राचा हसत मारलेला शेरा आणि भेदभाव एकाच तराजूत घालणे बरोबर होणार नाही, हे खरे. पण लाज वाटली की माणूस सुधारतो, या गृहीतावर ज्यांचा फार विश्वास आहे त्यांनी हा आकडा एकदा समोर ठेवावा. लाज वाटलेला माणूस बहुतेक वेळा एवढेच शिकतो की खाताना कोणी पाहू नये.

मग अन्नातला धोका सांगायचा कोणी? या प्रश्नाचे उत्तर जगात काही ठिकाणी मिळालेले आहे आणि ते मित्रमंडळींनी दिलेले नाही. कारखान्यात तयार होणारी ट्रान्स फॅट ही हृदयविकाराशी थेट जोडली गेलेली चरबी. ती दिसत नाही, तिला वेगळी चव नाही, आणि अमुक एका पदार्थात ती आहे की नाही हे पानावर बसलेल्या कितीही हुशार मित्राला सांगता येणार नाही. डेन्मार्कने २००३ मध्ये नियम केला की खाद्यपदार्थातल्या दर १०० ग्रॅम चरबीत अशी ट्रान्स फॅट २ ग्रॅमपेक्षा जास्त नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ती जगभरातून काढून टाकण्याचे आवाहन केले, तेव्हा जगातल्या अवघ्या ६ टक्के लोकसंख्येला उत्तम दर्जाच्या नियमांचे संरक्षण होते. २०२३ अखेर ५३ देशांत असे नियम लागू होऊन हे प्रमाण ४६ टक्क्यांवर गेले. कोणाला टोकावे लागले नाही, कोणाचा चमचा भांड्यावर थबकला नाही. खाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना आपल्या खाण्यातून काही गेले आहे हे समजलेसुद्धा नसेल.

चिलीने २०१६ मध्ये वेगळी वाट धरली. साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा ऊर्जा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर पाकिटाच्या दर्शनी भागावर काळा अष्टकोनी शिक्का छापणे तिथे सक्तीचे झाले आणि अशा पदार्थांच्या मुलांसाठीच्या जाहिरातींवर आणि शाळांमधल्या विक्रीवर बंधने आली. पहिल्या दीड वर्षात जास्त साखरेच्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले. तो शिक्का सगळ्यांना सारखेच सांगतो आणि विकत घेण्याआधी सांगतो. मित्र मात्र जाड्याला सांगतो, बारीक माणसाला सांगत नाही. बाईला जास्त सांगतो, पुरुषाला कमी. आणि सांगतो तेव्हा पदार्थ तोंडापाशी पोचलेला असतो.

मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, आणि तिच्याच अंदाजाने जगाची सरासरी १०.८ ग्रॅम आहे. दुपटीहून अधिकची ही तफावत वरून मीठ घेणाऱ्या मित्राचा हात धरून मिटणार नाही, कारण तयार पदार्थांतले बरेचसे मीठ ते पानात येण्यापूर्वीच आत गेलेले असते. केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये २० जणांना संशोधन रुग्णालयात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. समोर मांडलेल्या जेवणात ऊर्जा, साखर, चरबी, तंतू आणि सोडियम दोन्ही वेळा सारखेच होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर तेच लोक दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होते. दोन आठवड्यांत त्यांच्या मनोनिग्रहाला काही झालेले नव्हते. समोरचे अन्न बदलले होते. तरीही आपल्या गप्पांत खाणाऱ्याच्या निग्रहाचीच झडती होते आणि ज्यांनी तो पदार्थ तसा घडवला त्यांचे नावही निघत नाही. उत्पादकांना याहून सोयीची व्यवस्था कोणती असेल? वस्तू त्यांची, नफा त्यांचा, आणि अपराधाची भावना मात्र टेबलाभोवती बसलेल्यांनी आपापसांत वाटून घ्यायची.

पेयांकडे वळले की चित्र उलटे होते, आणि मला वाटते तिथेच या सवयीचे खरे स्वरूप उघडे पडते. खाण्याच्या बाबतीत जो मित्र "अजून?" असे विचारतो, तोच मद्याचा प्याला पुढे सरकवताना "एवढेच?" असे विचारतो. न पिणाऱ्याला कारण द्यावे लागते: औषध चालू आहे का, गाडी चालवायची आहे का, कोणी मनाई केली आहे का. आवडत नाही किंवा नको आहे, हे कारण म्हणून खपत नाही. वास्तविक आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात १९८८ सालीच टाकले आहे, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येणार नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. खुलासा कोणी द्यायला हवाच असेल तर तो पिणाऱ्याने द्यावा. पण माझे म्हणणे असे की तोही कोणी मागू नये. आग्रह करणारा आणि टोकणारा एकमेकांचे विरोधक वाटतात, तरी दोघे करतात ते एकच: समोरच्याच्या तोंडात काय जावे याचा निर्णय त्याच्या हातातून काढून घेतात. आरोग्य हा मुद्दा असता तर तोच माणूस एकाच बैठकीत दोन्ही भूमिका इतक्या सहजपणे वठवू शकला नसता.

दोन ठिकाणी मात्र बोललेच पाहिजे. एखाद्याला ठराविक पदार्थाची ॲलर्जी असेल तर "यात काय काय घातले आहे" हा प्रश्न जिवाशी निगडित असतो, आणि तो विचारणाऱ्याला चिकित्सक ठरवून त्याची थट्टा करणे हा निव्वळ असंस्कृतपणा आहे. तसेच प्यायलेला मित्र गाडीची किल्ली उचलू लागला की त्याच्या निर्णयाचा मान राखण्याचा प्रश्न संपतो, कारण रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाने त्या निर्णयाला संमती दिलेली नसते. या दोन्ही गोष्टींत धोका निश्चित आहे, लगेचचा आहे आणि बोलणाऱ्याला तो दिसतो आहे. दुसऱ्यांदा घेतलेल्या गोडाला यांतले काहीच लागू पडत नाही.

टोकणे वजा केले तर खाण्यावरच्या गप्पांत उरते काय, असे विचारणारेही भेटतात. माझ्या मते उरते तेच भरपूर असते, फक्त त्याला थोडे कष्ट पडतात. चव ही माणसागणिक किती निराळी असते याचा सर्वांत देखणा पुरावा दोन सहकाऱ्यांच्या भांडणातून मिळालेला आहे. १९३१ च्या सुमारास आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत फिनाइलथायोकार्बामाइड नावाची पूड हाताळत असताना तिचे कण हवेत उडाले. जवळच काम करणाऱ्या सहकाऱ्याने तोंड कडू झाल्याची तक्रार केली. फॉक्स तर पुडीच्या अगदी जवळ होते आणि त्यांना काहीच लागले नव्हते. दोघेही आपल्या म्हणण्यावर अडून राहिले. मग त्यांनी ती पूड मुद्दाम चाखून पाहिली, तरी एकाला कडू आणि दुसऱ्याला बेचव. इतरांना चाखायला दिल्यावर लक्षात आले की माणसांचे असे दोन तट सगळीकडेच पडतात. या फरकामागचा जीन पुढे २००३ मध्ये सापडला. कोबीच्या कुळातल्या भाज्या काहींना इतरांपेक्षा जास्त कडवट लागतात, त्याचाही या जीनशी संबंध आहे. म्हणजे एकाच पानातला एकच घास दोन मित्रांच्या जिभेवर दोन वेगळे पदार्थ असू शकतो, आणि त्यांतला कोणीही नाटक करत नसतो.

हे एकदा मान्य केले की "तुला कसे लागले?" हा प्रश्न रिकामा राहत नाही. त्याचे उत्तर विचारणाऱ्याला आधीपासून माहीत असूच शकत नाही. उत्तर देणेही सोपे नसते. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग खरे तर वास असतो, जो चावताना घशामागून नाकात चढतो. आणि ओळखीचे वाससुद्धा डोळे झाकून समोर धरले तर माणसाला त्यांतल्या निम्म्याच्या आसपासच नावानिशी ओळखता येतात. जाणकारही यात फसतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका प्रयोगात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत केले. शिकलेल्यांची ही गत, तर आपण "छान आहे" आणि "ठीक आहे" यांच्या मध्ये घुटमळतो यात नवल नाही. पण त्या दोन शब्दांच्या मधली जागा भरणे हीच या गप्पांची मजा आहे. एक म्हणतो, आधी आंबट लागते आणि मग उशिराने तिखट. दुसरा म्हणतो, मला आंबट लागलेच नाही. मग दोघे पुन्हा एकेक घास घेतात, या वेळी सावकाश. लक्ष देऊन खाण्याचे जे धडे पैसे मोजून घेतले जातात, ते इथे आपोआप गिरवले जातात.

मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या २०१७ मधल्या अभ्यासातही याला पुष्टी देणारे काही आहे. जे लोक वरचेवर इतरांसोबत जेवतात ते अधिक समाधानी असल्याचे आणि आधाराला हाक मारता येईल अशी माणसे त्यांच्याकडे अधिक असल्याचे त्यांना दिसले. आणि सोबतच्यांविषयी जवळीक वाटली अशा जेवणांत हसणे आणि जुन्या आठवणी निघणे या गोष्टी ठळकपणे आढळल्या. ही पाहणी लोकांनी स्वतःविषयी सांगितलेल्या माहितीवर आधारलेली आहे, त्यामुळे तिच्यातून फार ताणून निष्कर्ष काढू नयेत. तरीही इतके म्हणता येईल की आठवण निघायला आणि हसू फुटायला जो निवांतपणा लागतो, तो दर घासाचा जबाब द्यावा लागणाऱ्या माणसाला मिळत नाही.

एक अवघड बाजू शिल्लक राहते. कधी कधी मित्राच्या खाण्यात खरोखर काहीतरी बिनसलेले असते. तो काही महिन्यांत झपाट्याने उतरतो, जेवणाच्या वेळी दर वेळी निमित्त काढून उठतो, किंवा ज्या मैत्रिणीला सगळे आवडायचे ती आता एकेक पदार्थ 'अशुद्ध' म्हणून वगळत वगळत दोन-तीन पदार्थांवर येऊन ठेपते. शुद्ध आहाराच्या अशा ध्यासाला अमेरिकी डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ मध्ये ऑर्थोरेक्सिया असे नाव दिले. अशा वेळी मौन पाळणे ही मैत्री होणार नाही. मात्र ते बोलणे चौघांदेखत, जेवणावर बसलेले असताना आणि ताटाकडे बोट दाखवून करू नये. ते दोघांतच करावे, पुढ्यात अन्न नसताना करावे, आणि सुरुवात झोप कशी लागते, मन कशात लागत नाही, दिवस कसे चालले आहेत इथून करावी. उत्तर त्याच दिवशी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, आणि डॉक्टरकडे जायचे ठरले तर सोबत जाण्याची तयारी ठेवावी.